साहेब, डिकी उघडा

...आणि वर तो गॅरेजवाला म्हणतो काय, तर "भाऊ, डिकी जरा लाडानं उघडायची." लाडानं? तुम्हीच सांगा, गाडीचं मागचं दार आहे का रुसून बसलेली आत्या आहे? दाराला काम किती, तर एक. उघडायचं. बंद तर ते बसल्या जागी असतंच, त्यात त्याचं कौतुक काय? पण आमच्या धम्मरत्नच्या गाडीची डिकी ते एक काम सोडून बाकी सगळं करते. वाजते, थरथरते, पावसाचं पाणी आत घेते, भोसरीच्या पुलावर मनात आलं तर आपण होऊन उघडते आणि मागच्या रिक्षावाल्याला आतलं सगळं सामान दाखवते... फक्त आपण उघड म्हटलं की नाही.

हा धम्मरत्न म्हणजे माझा शेजारी, पिंपरीत आमची दारं समोरासमोर. धंदा म्हणाल तर चाकणकडच्या कंपन्यांना हातमोजे, गॉगल, सेफ्टी शूज पुरवायचा. वडील कंपनीत हेल्पर होते, सायकल हातात धरून गेटातून आत जायचे, आणि तसल्याच गेटातून हा स्वतःच्या गाडीत बसून आत जातो, म्हणून त्या गाडीवर त्याचा जीव. घेतली तेव्हाच जुनी होती, आता तर विचारू नका. पण विकायचं नाव काढलं की हा खिशातनं फडकं काढून काच पुसायला लागतो. आता काच पुसणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा?

तर त्या डिकीचं गणित असं, की ड्रायव्हरच्या सीटशेजारी खाली एक लिव्हर आहे. ती ओढायची. ओढली की मागं आवाज येतो. टक् असा आला तर उघडली, टुक् असा आला तर बसा. आणि गॅरेजमध्ये नेली की? टक्. पुन्हा ओढली, टक्. मेकॅनिक आपल्याकडे असा बघतो की आपण गाडी दाखवायला आलोय का डोकं. दाराबाहेर रस्त्यावर आणली की टुक्. बाहेरनं किल्ली लावायचं भोक आहे, पण त्यात जुनी किल्ली तुटून बसलीय, तेव्हा तो रस्ता बंद. एकच इलाज चालायचा. वर्षालीवहिनी, म्हणजे धम्मरत्नची बायको. ह्यानं आतनं लिव्हर ओढून धरायची आणि वहिनींनी मागनं डाव्या कोपऱ्यावर कमरेनं एक धक्का द्यायचा, तोही कसा, तर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना देतात ना, तसा. टक्. ह्यानं स्वतः शंभरदा धक्का देऊन बघितला. कमरेचा पट्टा लागला महिनाभर, डिकी काही हलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाही उघडली तर नाही उघडली, सामान मागच्या सीटवर ठेवावं. अहो, पण त्या पट्ट्यात तुम्ही कधी कंपनीत गेलाय का? चाकण म्हणा, महाळुंगे म्हणा, कुठल्याही गेटावर जा. तुम्ही कोण, कशाला आलात, हे नंतर. आधी एक गणवेशवाला काठीला लावलेला आरसा गाडीखालनं फिरवतो, मग मागं जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, डिकी उघडा. आत जाताना उघडा, बाहेर येताना उघडा. म्हणजे ज्या माणसाची डिकी उघडत नाही त्यानं जगात दुसरा कुठलाही धंदा करावा, पण ह्यानं नेमका हाच केला.

बरं, हे रोजचं झालं. त्या दिवशीचं वेगळं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ह्याच्या मुलीला, साक्षीला, बघायला पाहुणे यायचे होते. बघायला म्हणजे काय, साक्षीचं आणि आयुषचं आधीच ठरलेलं, दोघं वाकडला एकाच ऑफिसात, मुलगा चांगला, मुलगी चांगली, आता फक्त मोठ्यांनी चहा प्यायचा होता. पण तो चहा सोपा नव्हता. आयुषचे वडील लक्ष्मणराव राजगुरुनगरला शाळेचे मुख्याध्यापक होते, निवृत्त झाले तरी आवाज शाळेतच राहिलेला. त्यांनी मुलाला आधीच सांगितलं होतं म्हणे, की मुलगी मला पसंत आहे, पण घर बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आणि घर म्हणजे भिंती नाहीत, माणसं किती व्यवस्थित आहेत ते. वेळेला कोण घरात आहे, कोण नाही, हे मी बघतो.

म्हणून साक्षीनं सकाळी बापाला हात जोडून सांगितलं, बाबा, आज गाडी बाहेर काढू नका. वहिनींनी सांगितलं. मी सुद्धा जिन्यात सांगितलं. हा हो हो म्हणाला आणि दुपारी महाळुंग्याच्या एका कंपनीतनं फोन आला की हातमोजे संपलेत, लाइन बंद पडेल. झालं. हा म्हणाला, असा गेलो आणि असा आलो. नवा शर्ट घातला, म्हणजे आल्यावर बदलायला नको, नवे बूट घातले, आणि पाहुण्यांसाठी म्हणून वहिनींनी मोरपंखी रंगाची नवी सीटकव्हरं घातलेली ती गाडी घेऊन निघाला. ती कव्हरं पण कशी, तर मागच्या सीटला एकसंध शिवलेली, कडेला दोरीनं आवळून बांधलेली. सीटची पाठ पुढं पाडायचं बटण त्याच्या खाली गेलं ते गेलंच.

आत जाताना गेटावर सोनबा नावाचा गार्ड होता. मराठवाड्यातला, नम्र माणूस, आवाज कधी चढवणार नाही आणि नियम कधी सोडणार नाही. साहेब, डिकी उघडा. ह्यानं देवाचं... देवाचं कसलं, ह्याचा देवावर विश्वास नाही, ह्यानं आपला श्वास धरला आणि लिव्हर ओढली. टक्. लोण्यासारखी उघडली. ह्याला वाटलं, आज दिवस चांगला आहे. हातमोजे उतरवले, सही घेतली, गाडी बाहेरच्या गेटाला लावली.

साहेब, डिकी उघडा.

टुक्.

पुन्हा ओढली. टुक्. उतरला, मागं गेला, थोपटली, पुन्हा येऊन ओढली. टुक्. मागं टेम्पोंची रांग लागली, हॉर्न सुरू झाले, एक ड्रायव्हर उतरून म्हणाला लाथ घाला, दुसरा म्हणाला लाथ नका घालू, वाकेल, तिसरा नुसताच बघत उभा राहिला. शेवटी सोनबानं गाडी कडेला घ्यायला लावली. बाकीचे टेम्पो आपापली दारं उघडून दाखवत, बंद करत, ह्याच्याकडं बघत बाहेर पडले.

धम्मरत्न म्हणाला, हे बघा, मागचं दार उघडतो, आतली फळी उचलतो, वाकून बघा, रिकामी आहे. सोनबानं टॉर्च घेतली, मागच्या सीटवरनं वाकून नीट बघितलं आणि म्हणाला, "मला रिकामी दिसालीय, साहेब. पण नियमात उघडून बघायचं लिवलंय."

आता ह्याच्यावर तुम्ही काय बोलाल? धम्मरत्ननं विचारलं, आतनं बघितलं काय आणि बाहेरनं बघितलं काय, रिकामी ती रिकामीच ना? तर सोनबानं समजावून सांगितलं की मागं एका बहाद्दरानं स्टेपनीच्या खाली कंपनीचे पितळेचे भाग घालून नेले होते, तेव्हापासून स्टेपनी उचलून बघायची. आणि ती आतनं उचलता येत नाही. हा म्हणाला, मग तुम्ही जरा मागनं धक्का द्या, मी लिव्हर ओढतो. तर गार्डला गाडीला हात लावायची परवानगी नाही, काही मोडलं तर त्याच्यावर येतं. आपलं काही चुकत असेल तर सांगा, असंही सोनबा वर म्हणाला. हाच तर वैताग आहे, तुम्हाला सांगतो. माणूस उर्मट असला तर भांडता तरी येतं. हा पाण्याची बाटली आणून देतो, सावलीत उभं राहा म्हणतो, आणि मग हळूच म्हणतो, साहेब, डिकी उघडा की.

फोन झाले. वहिनी फोनवरनं सांगतायत, लिव्हर ओढून धरा आणि मागनं कमरेनं द्या. अगं, मी एकटा आहे, हात पुढं आणि कंबर मागं अशी कशी नेऊ? गाडी तिथंच ठेवून रिक्षानं या, वहिनी म्हणाल्या. तेही विचारलं. तपासल्याशिवाय सामान आणलेल्याची गाडी आत राहू शकत नाही आणि तपासल्याशिवाय बाहेर जाऊ शकत नाही. मग ती नेमकी कुठं राहायची, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

इकडं राजगुरुनगरहून पाहुणे निघाले होते. वहिनींनी बिचाऱ्यांनी काय करावं? खोटं बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी आयुषला खरं सांगितलं, की हे महाळुंग्यात कंपनीच्या गेटावर अडकलेत, डिकी उघडत नाही. आयुष गाडी चालवत होता, फोन मोठ्या आवाजावर होता, मागं लक्ष्मणराव बसले होते. गाडी चाकण चौकातल्या गर्दीत उभी.  लक्ष्मणराव म्हणाले, घरचा माणूस घरात नसेल तर घरी जाऊन आपण काय बघणार? गाडी महाळुंग्याकडं घे.

हे वहिनींनी ऐकलं आणि ह्याला कळवायला फोन लावला, तर हा उचलेना. का उचलेना? कारण तोवर ह्याला एक युक्ती सुचली होती. आतनं जाऊन कुलपाला जवळनं ढकलायचं. सीटकव्हर मळू नये म्हणून नवे बूट काढले, ते गाडीशेजारी नीट जोडीनं ठेवले, मागच्या दारातनं आत शिरला, सीटच्या पाठीवरनं डोकं डिकीत घातलं, मग खांदे घातले, मग पोट... पोटाशी थोडी चर्चा झाली, पण तेही गेलं. हात कुलपापर्यंत पोचला. आणि तिथंच बसला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. अर्धा माणूस डिकीत, अर्धा सीटवर, पाय दारातनं बाहेर. फोन पुढच्या सीटवर वाजतोय.

आणि गेटाबाहेर पाहुण्यांची गाडी येऊन उभी राहिली.

सोनबानं त्यांना अडवलं. आत यायचं तर नोंद करावी लागेल. नाव? लक्ष्मणराव. सोबत? पत्नी अंबूबाई, मुलगा आयुष. कुणाला भेटायचंय? लक्ष्मणरावांनी बोट दाखवलं, तिकडं गाडीच्या दारातनं मोजे घातलेले दोन पाय हलत होते. येण्याचं कारण? लक्ष्मणराव जन्मात कधी नोंदवहीत खोटं लिहिणारे नव्हेत. म्हणाले, सोयरीक. सोनबानं पेन थांबवून एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा पायांकडं बघितलं, आणि त्या रकान्यात वैयक्तिक असं लिहून तिघांना गाडीजवळच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत सोडलं.

आता डोळ्यांपुढं आणा. मुलीच्या बापाची आणि मुलाच्या बापाची पहिली भेट. लक्ष्मणराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात साडीची आणि पेढ्यांची पिशवी, पायांसमोर ताठ उभे. काय बोलायचं असतं अशा वेळी? माणसानं माणसाला जे म्हणायचं ते म्हणाले.

"जय भीम."

डिकीच्या आतनं, घुमल्यासारखा, आवाज आला. "जय भीम. बसा, बसा."

कुठं बसा? पण तोंडातनं सवयीनं निघून गेलं. आयुषनं मान फिरवली, त्याचे खांदे हलत होते. अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. लक्ष्मणरावांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी आधी बुटांकडं बघितलं, ते असे जोडीनं ठेवलेले बघून जरा मान हलवली, आणि मग शाळेतला आवाज काढला. आयुष, तू पुढं बस, लिव्हर ओढ. धम्मरत्न, तुम्ही आतनं ढकला. मी मागनं दाबतो. एक, दोन, तीन. टुक्. पुन्हा. टुक्. लक्ष्मणरावांनी बाह्या वर केल्या. पुन्हा टुक्. तेवढ्यात उभं राहून राहून अंबूबाईंची कंबर भरून आली, त्या आपल्या मागं जरा टेकल्या. कुठं टेकल्या, तर डाव्या कोपऱ्याला.

टक्.

डिकी वर गेली. आणि आत धम्मरत्न, हात पुढं केलेले, केस विस्कटलेले, होणाऱ्या विहीणबाईंच्या थेट तोंडासमोर. अंबूबाई दचकल्या खऱ्या, पण बाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, आधी ह्यांना कुणीतरी ओढा. तिघांनी मिळून ओढला, तसा हा डिकीतनं डोक्याकडनं बाहेर आला, उभा राहिला, शर्ट झटकला आणि घामानं निथळत म्हणाला, "साक्षीचा ह्यात काही दोष नाही हो. ती मला सकाळीच नको म्हणाली होती."

एवढंच बोलला. गाडीचं नाही, कंपनीचं नाही, नियमाचं नाही. लक्ष्मणरावांनी त्याच्याकडं बघितलं. खिशातनं रुमाल काढून दिला.

सोनबा आला, वाकला, धम्मरत्नला स्टेपनी उचलायला लावली, खाली बघितलं, सलाम केला. जा साहेब. झालं, सुटलो. धम्मरत्ननं डिकी खाली ओढली. ती वर गेली. पुन्हा दाबली. पुन्हा वर. इतका वेळ उघडायला तयार नव्हती, आता मिटायला तयार नाही. अंबूबाईंना पुन्हा टेकायला लावलं, लक्ष्मणराव टेकले, आयुष टेकला. नाही म्हणजे नाही. धम्मरत्न सोनबाला म्हणाला, सुतळी असेल तर द्या, बांधून टाकतो. सोनबानं सुतळीचा गुंडा आणला, हातात दिला, आणि परत घेतला. सुतळी कंपनीची होती. बाहेर न्यायची तर गेटपास लागेल आणि स्टोअरचे साहेब घरी गेले होते.

तेव्हा लक्ष्मणराव म्हणाले, मी धरतो. आणि मुख्याध्यापक मोरपंखी सीटवर उलटे तोंड करून गुडघ्यांवर बसले, आतली फळी ज्या दोरीनं दाराला टांगलेली असते ती दोरी दोन्ही हातांत धरली, पिशवी समोर डिकीत ठेवली, आणि म्हणाले, चला.

महाळुंगे ते पिंपरी. संध्याकाळी. चाकणच्या चौकात, तळवड्याच्या फाट्याला, गाड्या मुंगीच्या चालीनं. धम्मरत्न पुढं तोंड करून, लक्ष्मणराव मागं तोंड करून, आणि मागच्या गाडीत आयुष आणि अंबूबाई समोर बघतायत. म्हणजे नवरा-बायको सगळा रस्ता एकमेकांच्या तोंडाकडं बघत, मध्ये फक्त दोन काचा. खड्डा आला की लक्ष्मणराव वर जायचे, खाली यायचे, पण दोरी सोडली नाही. शेजारच्या बसमधले लोक बघायचे. माणूस अशा अवस्थेत किती वेळ कडक राहणार? सांगा बरं. तळवड्याच्या आसपास त्यांनी विचारलं की एवढा त्रास देते तर विकत का नाही.  तिथं पुसायला काच नव्हती, हात स्टिअरिंगवर. मग धम्मरत्ननं सांगितलं, की वडिलांना शेवटच्या दिवसांत दवाखान्यात न्यायचो तेव्हा ते म्हणायचे, मागच्या नको, मला पुढच्या सीटवर बसव, गेटापुढनं ने. मग कंपनीच्या गेटापुढनं गाडी हळू चालवायचो. बाकी काही कारण नाही.

 लक्ष्मणराव मागनं म्हणाले, माझे वडील शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचे. आणि तुम्हाला सांगतो, जे ठरायचं होतं ते तिथं ठरलं, चहाच्या आधी.

आमच्या गल्लीत गाडी आली तेव्हा मी दारातच होतो. बघतो तर धम्मरत्नच्या गाडीच्या मागच्या काचेत एक अनोळखी गृहस्थ, दोरी धरून, घामानं डबडबलेले. साक्षी जिन्यात तोंडावर हात ठेवून उभी. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, एका नजरेत सगळं बघितलं, तांब्या एका हातात, दुसऱ्या हातात पेल्यांचं ताट, तशाच मागं गेल्या, दोरी सोडा म्हणाल्या, आणि कमरेनं एक धक्का दिला. खट्. बंद. लक्ष्मणराव त्यांच्याकडं बघत राहिले. हात चोळत खाली उतरले आणि म्हणाले, घर बघायचं राहिलं नाही आता, घर पसंत आहे. साक्षीच्या डोळ्यांत पाणी. आयुष खाली बघून हसतोय. मी म्हटलं, चला, निभावलं.

तेवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, अहो, पिशवी?

साडी आत. पेढे आत. वहिनींनी पुन्हा धक्का दिला, धम्मरत्ननं लिव्हर ओढली. टुक्. सगळी गल्ली गोळा झालेली. धम्मरत्ननं एक मोठा श्वास सोडला आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. तर लक्ष्मणरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, राहू द्या म्हणाले, तुमचं आज झालंय. स्वतःचे बूट काढले, नीट जोडीनं ठेवले, आणि मागच्या दारातनं आत शिरले. पहिला पेढा आम्हाला सीटच्या पाठीवरनं हातानं मिळाला, साडी नंतर आली, आणि लक्ष्मणराव सगळ्यात शेवटी.

लग्नाची तारीख धरलीय, हॉल मिळालाय, सगळं ठीक आहे. मी परवा म्हटलं, धम्मरत्न, आता तरी ती गाडी काढून टाक रे बाबा. तर तो म्हणाला, काढली असती, पण आता दोन्ही घरांना विचारावं लागेल, आणि व्याही नको म्हणतात.